७२ मते आणि पत्रांचे पान

१९८८ साली अमेरिकेत निघालेल्या ‘बॅटमॅन’च्या ४२७व्या अंकाचा शेवट एका स्फोटाने होतो. इथिओपियातील एका गोदामात जोकरने रॉबिनला लोखंडी पहारीने बेदम मारलेले आहे. तेथे एक बॉम्बही ठेवलेला आहे. आणि बॅटमॅन पोचण्यापूर्वीच गोदाम उडते. कथा येथे थांबते. रॉबिन वाचला की मेला, हे लेखक सांगत नाही. त्याऐवजी अंकात दोन दूरध्वनी क्रमांक दिलेले आहेत: एक रॉबिनने जगावे असे वाटणाऱ्यांसाठी, दुसरा त्याने मरावे असे वाटणाऱ्यांसाठी. एका फोनचे मोल ५० सेंट. १५ आणि १६ सप्टेंबर १९८८ या दोन दिवसांत मतदान झाले. जगावे म्हणणारे ५,२७१; मरावे म्हणणारे ५,३४३. अवघ्या ७२ मतांनी जेसन टॉड नावाचा तो दुसरा रॉबिन ४२८व्या अंकात मेला.

ही हकिकत बहुधा एक गमतीदार किस्सा म्हणून सांगितली जाते. साहित्याच्या अभ्यासकाला ती अधिक गंभीर वाटावयास हवी. वाचकाचा संहितेवर अधिकार किती, हा प्रश्न आपण वर्गात सिद्धान्ताच्या पातळीवर चर्चितो; येथे तो आकड्यांत सुटलेला दिसतो. परंतु तो खरोखरच सुटला काय? आमचे म्हणणे असे की १९८८चे मतदान हा वाचकाच्या सत्तेचा विजय नव्हता. नव्या अंकांवर मत देण्याची जी रीत सुपरहीरो-कॉमिक्सच्या वाचकांनी तीस वर्षे घडवली होती, तिचा तो संकोच होता. हे म्हणणे पटण्यासाठी त्या रीतीचा इतिहास पाहावा लागेल.

या इतिहासाच्या मुळाशी अमेरिकेच्या टपाल खात्याचा एक नियम आहे. नियतकालिकांना टपालाचा सवलतीचा दर हवा असेल, तर अंकात किमान दोन पाने निव्वळ मजकूर असला पाहिजे, असा तो नियम. म्हणून चित्रांनी भरलेल्या कॉमिक्समध्येही सुरुवातीपासून दोन पानांची एखादी गद्य कथा कोंबलेली असे. मुले ती वाचत असत असे नाही. स्टॅन ली यांचे पहिले छापील लेखन म्हणजे १९४१ सालच्या ‘कॅप्टन अमेरिका’च्या तिसऱ्या अंकातील अशीच एक कथा. पुढे संपादकांच्या ध्यानात आले की ही पाने वाचकांच्या पत्रांनीही भरता येतात, आणि पत्रे फुकट येतात. १९५८ साली मॉर्ट वायझिंगर यांनी ‘सुपरमॅन’मध्ये पत्रांचे सदर सुरू केले. एका साहित्यिक संस्थेचा जन्म टपालखर्चाच्या हिशेबातून व्हावा, यात नवल वाटण्याचे कारण नाही; नियतकालिकांच्या इतिहासात असे हिशेब पदोपदी आढळतात.

मात्र काटकसर हे सदराचे निमित्त झाले; त्याची परंपरा निराळी आणि जुनी होती. ह्यूगो गर्न्सबॅक यांनी १९२६मध्ये ‘अमेझिंग स्टोरीज’ हे विज्ञानकथांचे मासिक काढले. त्यात वाचकांची पत्रे त्यांच्या पूर्ण पत्त्यासह छापली जात. परिणाम असा झाला की वाचक संपादकाला वळसा घालून परस्परांना लिहू लागले. त्यांची मंडळे झाली, आणि त्या मंडळांनी स्वतःची हौशी पत्रिका काढली. १९३२ सालच्या ‘द टाइम ट्रॅव्हलर’ या अशाच एका पत्रिकेमागे मॉर्ट वायझिंगर आणि ज्युलियस श्वार्ट्झ हे दोन तरुण होते; हे दोघेही पुढे डीसी कॉमिक्सचे संपादक झाले. क्लीव्हलंडचा जेरी सीगल हाही असाच एक पत्रलेखक वाचक. त्याने जो शूस्टर या मित्राच्या साथीने काढलेल्या हौशी पत्रिकेत १९३३ साली ‘सुपरमॅन’ हे नाव प्रथम एका कथेत अवतरले. त्या कथेतला सुपरमॅन खलपुरुष होता. नायक होऊन तो १९३८मध्ये ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात आला. म्हणजे सुपरहीरो आधी आणि त्याचा मतप्रदर्शन करणारा वाचक नंतर, असा क्रम नाही. मतप्रदर्शन करणाऱ्या वाचकांतूनच सुपरहीरो निपजला.

१९६०च्या सुमारास श्वार्ट्झ यांनी हीच जुनी युक्ती कॉमिक्समध्ये आणली आणि पत्रलेखकांचे पूर्ण पत्ते छापण्यास आरंभ केला. त्यांच्याकडे नेमाने पत्रे पाठवणाऱ्यांत डेट्रॉइटचे एक प्राध्यापक होते, जेरी बेल्स. आणि मिसुरीतील एक तरुण होता, रॉय थॉमस. बेल्स यांना आपल्या बालपणीचे, १९४०च्या दशकातले नायक परत हवे होते, आणि तसे ते संपादकांना आर्जवून लिहीत. १९६१ साली या दोघांच्या पत्रमैत्रीतून ‘ऑल्टर ईगो’ ही हौशी पत्रिका निघाली. आपल्याकडील अनियतकालिकांचे सायक्लोस्टाइल अंक ज्यांनी हाताळले आहेत, त्यांना तिचे रूप अपरिचित वाटणार नाही. त्याच वर्षी ‘द फ्लॅश’च्या १२३व्या अंकात नवा फ्लॅश आणि १९४०चा जुना फ्लॅश यांची भेट झाली. बेल्स यांच्या पत्रांमुळेच ती झाली असे म्हणणे धाडसाचे होईल. परंतु जुन्या नायकांची आठवण ठेवणारा वाचक अस्तित्वात आहे, एवढे तरी ती पत्रे संपादकाला सातत्याने सांगत होती. रॉय थॉमस पुढे मार्व्हलमध्ये गेला आणि १९७२मध्ये तेथील मुख्य संपादक झाला. पत्रांच्या पानावरून संपादकाच्या खुर्चीपर्यंतचा रस्ता तेव्हा खुला होता. १९६३ साली ‘फँटॅस्टिक फोर’च्या विसाव्या अंकात ज्याचे स्तुतिपत्र छापून आले, तो न्यू जर्सीचा शाळकरी मुलगा जॉर्ज मार्टिन आज कादंबरीकार म्हणून सर्वांना ठाऊक आहे.

मार्व्हलमध्ये हे सदर १९६२च्या आरंभी, ‘फँटॅस्टिक फोर’च्या तिसऱ्या अंकापासून सुरू झाले. तेथे स्टॅन ली यांनी त्याला निराळाच सूर दिला. उत्तरे सलगीची, थट्टेची, स्वतःचीही फजिती करून घेणारी. वाचकाने कथेतली चूक दाखवली तर ली ती कबूल करीत. त्यातूनच ‘नो-प्राइझ’ नावाचे विलक्षण पारितोषिक निघाले. १९६७पासून ते टपालाने पाठवले जाई: वर अभिनंदनाचा मजकूर छापलेले पाकीट, आत काही नाही. रिकामे पाकीट मिळाले म्हणून तक्रार करणारे भोळे वाचकही निघाले! कालांतराने या पारितोषिकाची एक अट रूढ झाली, आणि ती अभ्यासकांनी विचार करावा अशी आहे. नुसती चूक दाखवून भागत नसे. ती वास्तविक चूक का नव्हे, याचे पटण्याजोगे स्पष्टीकरण वाचकानेच द्यावे लागे. मागल्या अंकात जायबंदी झालेला हात या अंकात बरा कसा? मधल्या काळात अमुक घडले असले पाहिजे, म्हणून. जुन्या ग्रंथांतील विसंगतींची संगती लावताना आपले टीकाकार जे करीत आले, तेच ही बारा-चौदा वर्षांची मुले स्वस्त कागदावरच्या मासिकासंबंधी करीत होती. दोष काढणे ही टीकेची पहिली पायरी; संहिता अखंड आहे असे गृहीत धरून तिचा अर्थ लावणे ही पुढची. पत्रांच्या पानाने हजारो मुलांना ही पुढची पायरी खेळाखेळात चढवले.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. पत्रांचे पान म्हणजे वाचकांची लोकसभा नव्हे. कोणते पत्र छापावयाचे, कोणते कापावयाचे आणि उत्तरात शेवटचा शब्द कोणाचा, हे संपादकच ठरवी. ‘फँटॅस्टिक फोर’च्या त्या पहिल्याच सदरात ब्रुकलिनच्या एस. ब्रॉडस्की यांचे पत्र आहे. हे सॉल ब्रॉडस्की मार्व्हलसाठीच काम करणारे चित्रकार! पुरेशी पत्रे नसतील तेव्हा घरच्याच माणसाला वाचक करण्यात आले, असा त्याचा अर्थ. शिवाय अंकाची तयारी काही महिने आधी होत असल्याने एखाद्या अंकावरचे मत चार-पाच अंकांनंतर छापले जाई. तोवर कथा दूर गेलेली असे. तेव्हा ही पत्रे म्हणजे ‘त्या काळच्या वाचकाचे मत’ असे सरसकट मानणे भाबडेपणाचे ठरेल. ते संपादकाने निवडलेले, आणि उशिरा छापलेले मत आहे. तरीही त्यात एक गोष्ट शिल्लक राहते: मत देणाऱ्याला कारण द्यावे लागे.

कारण देणाऱ्या वाचकाशी लेखकाचा व्यवहार कसा होऊ शकतो, याचे उत्तम उदाहरण १९७३चे आहे. ‘अमेझिंग स्पायडर-मॅन’च्या १२१व्या अंकात लेखक जेरी कॉनवे यांनी नायकाची प्रेयसी ग्वेन स्टेसी हिला मारले. वाचक हादरले, संतापले. महाविद्यालयांत व्याख्याने देत हिंडणाऱ्या स्टॅन ली यांना विद्यार्थी जाब विचारू लागले, आणि तिला परत आणावे असे त्यांनी कॉनवे यांना सांगितले. १९७५मध्ये ग्वेन परतली, पण कशी? एका शास्त्रज्ञाने तिच्या पेशींपासून घडवलेली प्रतिकृती म्हणून. आपण मूळची ग्वेन नव्हे हे उमजल्यावर ती स्वतःचे आयुष्य शोधण्यासाठी निघून जाते. वाचकांची मागणी येथे अक्षरशः पुरी झाली, आणि तिच्यातील असंभाव्यताही कथेनेच दाखवून दिली. गेलेले माणूस हट्टाने परत मागाल, तर जे मिळेल ते त्याची नक्कल असेल, हे लेखकाचे वाचकांना उत्तर होते. मत आणि उत्तर, दोन्ही आपापल्या जागी ठाम. या देवघेवीतून कथा समृद्धच झाली.

आता १९८८कडे परत येऊ. जेसन टॉड हे पात्र १९८३चे. परंतु १९८७मध्ये त्याची पूर्वकथा बदलण्यात आली आणि तो बॅटमॅनच्या मोटारीची चाके चोरणारा, रस्त्यावरचा तापट मुलगा झाला. अनेक वाचकांना तो आवडेना. संपादक डेनिस ओनील यांना मतदानाची कल्पना सुचली ती दूरचित्रवाणीवरून: १९८२मध्ये एका विनोदी कार्यक्रमात एडी मर्फी यांनी एक जिवंत शेवंड पडद्यावर आणून तिला शिजवावे की सोडावे, असा कौल प्रेक्षकांकडून फोनवर घेतला होता. शेवंडीवरून रॉबिनवर येण्यास सहा वर्षे लागली. लेखक जिम स्टार्लिन आणि चित्रकार जिम अपारो यांनी दोन्ही शेवटांची तयारी ठेवली होती.

फोन करणाऱ्यास काय बोलता येत होते? काहीच नाही. क्रमांक फिरवणे हेच त्याचे संपूर्ण विधान. जेसनचे पात्र फसले म्हणून त्याला मारावे, असे मानणारा समीक्षक. क्रूर गंमत म्हणून क्रमांक फिरवणारा पोरगा. ‘हे असे करण्याची यांची छाती नाही’ म्हणून प्रकाशकाला जोखणारा. हे सगळे ५,३४३ या आकड्यात एकजीव झाले. एकाच माणसाने संगणकाकरवी पुन्हापुन्हा फोन लावल्याचे आपल्या कानावर आले, असे ओनील पुढे सांगत. ते खरे असो वा नसो. अशी शंका घेता येते आणि तिचे निरसन करता येत नाही, हेच या पद्धतीविषयी पुरेसे बोलके आहे. पत्राखाली नाव, गाव, पत्ता असे. मताखाली काहीच नव्हते. निकालानंतर वृत्तपत्रांतून गदारोळ उठला, व्यवसायातल्या फ्रँक मिलर यांच्यासारख्यांनीही नापसंती बोलून दाखवली. दोष कोणाचा? लेखक वाचकांकडे बोट दाखवू शकत होता, वाचक आकड्याकडे. कथेतल्या मृत्यूची जबाबदारी घेणारे कोणीच उरले नाही. ग्वेनला मारणाऱ्या लेखकाने वाचकांचा रोष निदान स्वतःच्या नावावर सोसला होता.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगण्याजोगा आहे. डीसीने २००२च्या सुमारास आपली पत्रांची सदरे बंद केली. पुढे ती अधूनमधून डोकावली, पण तो जुना जोम परतला नाही. जेसन टॉड २००५मध्ये कथेत जिवंत होऊन परत आला. २०२३च्या डिसेंबरात तर, मतदान उलटे गेले असते तर जो निघाला असता तो ‘रॉबिन जगला’ असा ४२८वा अंकही डीसीने छापून विकला. ७२ मतांचा निर्णय अशा रीतीने दोन्हीकडून विक्रीस निघाला.

आमची खरी खंत मात्र दुसरीच आहे. आज या जुन्या कथा जाड, देखण्या संग्रहांतून मिळतात आणि विद्यापीठांतून त्याच अभ्यासाला लावल्या जातात. बहुतेक संग्रहांत पत्रांची पाने नसतात. मासिकांचे खंड बांधताना आपल्याकडे जाहिराती फाडून टाकतात, तसेच हे. ग्वेनचा मृत्यू आणि तिचे परतणे विद्यार्थी वाचतो. मधला संताप त्याला दिसत नाही, आणि मग ती प्रतिकृती त्याला लेखकाची एक विक्षिप्त कल्पना वाटते. प्रश्न छापला नाही की उत्तर वेडगळ दिसू लागते.

वाचकाभिमुख समीक्षेविषयी आपण पुष्कळ बोलतो. तो वाचक बहुधा आपण कल्पिलेला असतो. येथे तो नावागावासह, वयासह, चुकांसह आणि कारणांसह स्वस्त कागदावर छापलेला आहे. संपादकाच्या कात्रीतून सुटलेला का होईना, आहे. तो कागद आता पिवळा पडून तुटू लागला आहे. रॉबिनला किती मते मिळाली हे कायमचे नोंदले गेले. ती का मिळाली हे नोंदण्याची जागा पत्रांच्या पानावर होती. ग्रंथालयातून जुना अंक हाती आला, तर कथा वाचून झाल्यावर मिटू नये. मागच्या पानांवर कोणीतरी त्या कथेशी वाद घालत बसलेले असते.