एच-१बी ते ग्रीन कार्ड : तीन पायऱ्या आणि एक लांबलचक रांग

पुण्या-मुंबईहून अमेरिकेत गेलेल्या अभियंत्यांना घरून येणाऱ्या फोनवर एक प्रश्न हमखास विचारला जातो : 'ग्रीन कार्डचं कुठवर आलं?' उत्तरही बहुधा ठरलेले असते : 'रांगेत आहे.' ही रांग कसली, तिच्यात नंबर कसा लागतो आणि ताटकळण्याच्या काळात अर्जदाराला कोणते हक्क असतात, याची ही माहिती.

मुदतीचा परवाना

एच-१बी हा विशेष ज्ञानाच्या नोकऱ्यांसाठीचा तात्पुरता व्हिसा. १९९० च्या इमिग्रेशन कायद्याने तो आजच्या स्वरूपात आला. वर्षाला ६५ हजार आणि अमेरिकी विद्यापीठांतील उच्च पदवीधरांसाठी आणखी २० हजार, अशी त्याची मर्यादा आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये, देशाबाहेरील उमेदवारांसाठी कंपन्यांनी केलेल्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क लावण्याचा आदेश अध्यक्षांनी काढला.

हा व्हिसा प्रथम तीन वर्षांसाठी व पुढे आणखी तीन, अशी एकूण सहा वर्षे मिळतो. त्या काळात देशाबाहेर घालवलेले दिवस पुराव्यानिशी परत मागता येतात. पर्यटक वा विद्यार्थी व्हिसावर आलेल्याने कायम राहण्याचा इरादा दाखवला, तर तो अडचणीत येतो. एच-१बीधारकाला मात्र नोकरी करता करता उघडपणे ग्रीन कार्डसाठी अर्ज करता येतो.

पहिली पायरी : कामगार खात्याचा दाखला

बहुतेकांचा प्रवास 'पर्म' या पद्धतीने सुरू होतो. ती मार्च २००५ पासून अमलात आहे. या कामासाठी पात्र व इच्छुक अमेरिकी उमेदवार मिळत नाही, हे कंपनीला कामगार खात्यापुढे सिद्ध करावे लागते. त्यासाठी खाते त्या भागातील प्रचलित वेतन ठरवून देते. मग कंपनीला रविवारच्या वृत्तपत्रांत दोन जाहिराती द्याव्या लागतात आणि राज्याच्या रोजगार यंत्रणेकडे ३० दिवस जागा नोंदवावी लागते. हा खर्च कंपनीनेच करायचा असतो. तो कर्मचाऱ्याकडून वसूल करण्यास २००७ पासून मनाई आहे.

कामगार खात्याकडे पर्मचा अर्ज ज्या दिवशी दाखल होतो, तो दिवस म्हणजे अर्जदाराची 'प्रायॉरिटी डेट'. रांगेतील जागा याच तारखेवरून ठरते.

दुसरी पायरी : आय-१४०

दाखला मिळाल्यापासून १८० दिवसांत कंपनीने इमिग्रेशन खात्याकडे आय-१४० अर्ज करायचा असतो. उमेदवाराची पात्रता आणि ठरलेले वेतन देण्याची कंपनीची ऐपत येथे तपासली जाते. असामान्य गुणवत्तेच्या व्यक्ती, नामवंत संशोधक आणि बहुराष्ट्रीय कंपन्यांचे व्यवस्थापक 'ईबी-१' गटात येतात. त्यांना पर्म लागत नाही. उच्च पदवी आवश्यक असलेली कामे 'ईबी-२' गटात, तर पदवीधर व कुशल कामगारांची 'ईबी-३' गटात मोडतात.

खरी अडचण : रांग

नोकरीच्या आधारे वर्षाला साधारण १ लाख ४० हजार ग्रीन कार्डे दिली जातात. अर्जदाराचे पती वा पत्नी आणि मुलेही याच आकड्यात मोजली जातात. शिवाय कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांना सात टक्क्यांची मर्यादा आहे. इतर देशांची न वापरलेली कार्डे पुढे सरकवली जातात. तरीही भारतीय अर्जदारांची संख्या पाहता ती पुरत नाहीत. येथे नागरिकत्व नव्हे, तर जन्मस्थान पाहिले जाते. म्हणून नागपुरात जन्मलेला माणूस पुढे कॅनडाचा नागरिक झाला, तरी तो भारताच्याच रांगेत राहतो. पत्नीचा जन्म मात्र दुबईतला असेल, तर दोघांनाही तिच्या जन्मदेशाच्या कोट्यातून अर्ज करता येतो.

परराष्ट्र खाते दर महिन्याला 'व्हिसा बुलेटिन' काढते. आपली प्रायॉरिटी डेट त्यातील तारखेच्या आधीची असेल, तर नंबर लागला. ऑक्टोबर २०२५ च्या बुलेटिनमध्ये भारतीयांच्या ईबी-२ आणि ईबी-३ या दोन्ही रांगा २०१३ सालातच होत्या.

या तारखा मागेही जातात. जुलै २००७ साठी बहुतेक सर्व गट खुले असल्याचे जाहीर झाले. पण २ जुलैला ते फिरवण्यात आले. तेव्हा 'लगे रहो मुन्नाभाई'तील गांधीगिरीचा मार्ग धरून भारतीय अर्जदारांनी इमिग्रेशन खात्याच्या संचालकांना शेकडो पुष्पगुच्छ पाठवले. संचालकांनी ती फुले रुग्णालयातील जखमी सैनिकांकडे धाडली. अखेर १७ जुलैला खात्याने माघार घेतली आणि १७ ऑगस्टपर्यंत अर्ज स्वीकारले. देशनिहाय मर्यादा हटवण्याचे विधेयक मात्र २०१९ मध्ये प्रतिनिधीगृहात आणि २०२० मध्ये वेगळ्या स्वरूपात सिनेटमध्ये मंजूर होऊनही कायद्यात उतरले नाही.

रांगेत असताना

आय-१४० मंजूर असून केवळ देशाच्या मर्यादेमुळे कार्ड मिळत नसेल, तर २००० सालच्या कायद्यानुसार सहा वर्षांनंतरही एच-१बी तीन-तीन वर्षांनी वाढवता येतो. कंपनी बदलल्यास पर्म आणि आय-१४० पुन्हा करावे लागतात. पण जुनी प्रायॉरिटी डेट सहसा कायम राहते. आय-१४० मंजूर होऊन १८० दिवस झाले असतील, तर जुन्या कंपनीने अर्ज मागे घेतला, एवढ्याच कारणाने मंजुरी रद्द होत नाही. नोकरी गेल्यास मात्र जास्तीत जास्त ६० दिवसांत नवी कंपनी किंवा दुसरा व्हिसा शोधावा लागतो. घराचे हप्ते, मुलांची शाळा, सारे या साठ दिवसांवर टांगलेले असते.

मंजूर आय-१४० असलेल्याच्या एच-४ व्हिसावरील पती वा पत्नीला २०१५ पासून कामाचा परवाना मागता येतो. मुलांचा प्रश्न अधिक नाजूक आहे. २१ वर्षे पूर्ण होताच मूल आईवडिलांच्या अर्जातून बाहेर पडते. २००२ च्या कायद्याने आय-१४० प्रलंबित असलेला काळ वयातून वजा होतो. पण दशकभराच्या रांगेपुढे ही सवलत तोकडी पडते. दोन वर्षांचे असताना आलेले मूलही मग परदेशी विद्यार्थी ठरते.

तिसरी पायरी : आय-४८५

नंबर लागल्यावर अमेरिकेतच आय-४८५ अर्ज करता येतो. त्यासोबत वैद्यकीय तपासणीचा अहवाल द्यावा लागतो, बोटांचे ठसे घेतले जातात आणि कधी मुलाखतही होते. स्वतंत्र कामाचा परवाना व प्रवासाची परवानगी याच वेळी मागता येते. वैध एच-१बी नसताना प्रवासाच्या परवानगीविना देश सोडल्यास अर्ज सोडून दिल्याचे मानले जाते. अर्ज १८० दिवस प्रलंबित राहिला, की त्याच स्वरूपाच्या कामासाठी कंपनी बदलता येते.

मराठी अर्जदारांची अडचण पुष्कळदा जन्मदाखल्यापाशी होते. जुन्या नोंदीत बाळाचे नाव नसते, आईचे नाव माहेरचे असते किंवा वडिलांचे नाव पासपोर्टवर निराळ्या स्पेलिंगने असते. नोंदच नसेल, तर ग्रामपंचायत वा महापालिकेकडून नोंद उपलब्ध नसल्याचा दाखला आणि नातेवाइकांची प्रतिज्ञापत्रे लागतात. नंबर लागल्यावर धावपळ करण्यापेक्षा सुट्टीवर आल्यावेळीच ही कामे उरकावीत.

कार्ड हाती आल्यावर ते दहा वर्षांनी नव्याने घ्यावे लागते आणि साधारणपणे पाच वर्षांनी नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो. आईवडिलांच्या आजारपणामुळे वर्षाहून अधिक काळ भारतात राहावे लागणार असेल, तर निघण्यापूर्वीच पुनर्प्रवेशाचा परवाना मागावा. दीर्घ अनुपस्थितीमुळे हे 'कायमस्वरूपी' वास्तव्यही धोक्यात येऊ शकते.