थरथर आणि चढ

रोल्स-रॉइस म्हटले, की आपल्या डोळ्यांपुढे एखाद्या संस्थानिकाची स्वारी उभी राहते. लखलखीत गाडी, फेटेवाला ड्रायव्हर, आणि इंजिनाचा आवाज म्हणाल तर जवळजवळ नाहीच! पण याच घराण्याच्या पहिल्या सहा सिलिंडरच्या मोटारीला असे काही कापरे भरे, की तिच्या पोटातला पोलादी दांडा मोडून पडे. हे सांगितले तर किती वाचकांना खरे वाटेल?

हेन्री रॉइस हा एका गिरणीवाल्याचा मुलगा. लहानपणी त्याने वर्तमानपत्रे विकली, तारा पोचवल्या. पुढे मँचेस्टरला विजेच्या यंत्रांचा कारखाना काढला. एक जुनी फ्रेंच मोटार विकत घेतली, ती मनास येईना, म्हणून स्वतःच मोटार बांधायला बसला. १ एप्रिल १९०४ रोजी ती रस्त्यावर आली. तिला दोन सिलिंडर होते. विक्रीची बाजू सांभाळणारा रोल्स हा सरदारपुत्र त्याच वर्षी भेटला, आणि १९०५ मध्ये सहा सिलिंडरची तीस अश्वशक्तीची गाडी निघाली. तिथेच दुखणे सुरू झाले.

सिलिंडर वाढले की त्यांचे धक्के गोळा करून फिरणारा क्रँकशाफ्ट लांबतो. ओले धोतर पिळताना जसा पीळ पडतो, तसा प्रत्येक स्फोटासरशी त्या पोलादाला किंचित पीळ पडतो आणि सुटतो. एरवी हे कळतही नाही. पण नागपंचमीचा झोका आठवा. नेमक्या वेळी हलकेच हात लावीत गेले, तरी झोका फांदीला भिडतो. इंजिनाच्या एका ठराविक वेगाला स्फोटांचा ताल आणि दांड्याचा स्वतःचा ताल जुळतो. मग पीळ वाढत जातो, सारी गाडी थरथरते आणि शेवटी दांडा तुटतो. त्या काळी हे कोडे भल्याभल्यांना सुटत नव्हते.

रॉइसने नुसते पोलाद बदलून भागवले नाही, रचनाच बदलली. १९०६ च्या नव्या गाडीत दोन-दोन सिलिंडरांच्या तीन जोड्यांऐवजी तीन-तीनांचे दोन गट त्याने एकमेकांची आरशातली प्रतिबिंबे असावीत तसे मांडले. दांडा जाड केला आणि सात बेअरिंगांवर तोलला. पुढे दांड्याच्या टोकाला एक छोटे फ्लायव्हीलही आले. ते पक्के जखडलेले नव्हते. दांडा थरथरू लागला की ते घसरे, आणि घर्षणात थरथर जिरून जाई. लँचेस्टर या दुसऱ्या इंग्रज यंत्रज्ञाने १९१० साली अशाच युक्तीचे पेटंट घेतले. आधी कोणाला सुचले, हा वाद पुष्कळ चालला. आम्हा मास्तरांना विचाराल तर दोघांनाही पैकीच्या पैकी गुण द्यावेत.

याच गाडीचा रुपेरी रंगाचा एक नग, ‘सिल्व्हर घोस्ट’, १९०७ साली पंधरा हजार मैलांच्या कसोटीला उतरला. ६२९ मैलांवर तो थांबला. कशाने, तर हादऱ्याने पेट्रोलची तोटी आपोआप बंद झाली म्हणून! इतकी चिकित्सा करूनही थरथरीने आपला शेवटचा हिसका दाखवलाच. त्यानंतरचे १४,३७१ मैल मात्र गाडी बिघाडाने एकदाही थांबली नाही. पुढे ती उलगडून तपासली, तेव्हा पुन्हा नव्यासारखी करायला लागणाऱ्या भागांचा खर्च निघाला दोन पौंड, दोन शिलिंग, सात पेन्स.

हिची एक बहीण १९०८ साली आपल्याकडे आली. ‘पूर्वेचा मोती’ अशा अर्थाचे तिचे नाव होते. मुंबई-कोल्हापूर मोटार शर्यतीत सह्याद्रीचे घाट ओलांडीत तिने सहाशेवीस मैल तोडले, आणि पुढे ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी ती विकत घेतली. तेव्हा तिच्या गियरबॉक्समध्ये चार गियर होते.

त्यांतला तिसरा गियर सरळ होता, म्हणजे इंजिनाचा फेर तसाच्या तसा मागे जाई. चौथा सपाटीवर वेगाने धावण्यासाठी. पण तो दात्यांमधून चाले, म्हणून गुणगुणे. आता गंमत पाहा. इंजिन खडखडणारे असते तर ती गुणगुण कोणाच्या कानी पडली असती? कापरे गेले, शांतता आली, आणि त्या शांततेत दात्यांचा सूर खुपू लागला. १९०९ मध्ये तो चौथा गियर काढून टाकला. तीनच गियर, सर्वांत वरचा सरळ आणि मुका. इंजिन इतके मऊ चाले, की गियर बदलणे हे जणू कमीपणाचे ठरले. १९११ साली तर एक गाडी लंडनहून एडिंबरोला जाऊन परत आली, ती संपूर्ण प्रवास वरच्याच गियरमध्ये ठेवून. कोण कौतुक झाले!

दुसऱ्याच वर्षी, १९१२ मध्ये, आल्प्स पर्वतातल्या शर्यतीत जेम्स रॅडली या हौशी इंग्रजाने तीन गियरची गाडी घातली. ऑस्ट्रियातल्या काट्शबर्ग घाटाच्या उभ्या चढणीवर ती अडकली. इंजिनात जोर होता, पण तो चढ पेलेल इतका खालचा गियरच नव्हता. बसलेल्यांना खाली उतरवावे लागले, तेव्हा कुठे गाडी हलली. रोल्स-रॉइस, आणि उतारू पायी!

कारखान्याला हे झोंबले. चौथा गियर परत आला, पण या खेपेस वर नव्हे, तळाशी, खास चढासाठी. वरचा सरळ गियर तसाच मुका राहिला. १९१३ साली कारखान्याच्या तीन गाड्या आणि रॅडलीची एक अशा चार गाड्या पुन्हा आल्प्सकडे निघाल्या. काट्शबर्गच्या माथ्यावर त्या पोचल्या, तेव्हा सगळी मंडळी आपापल्या जागी बसलेली होती.