घरजावई विवाह (वारली)

पालघर जिल्ह्यातील वारली समाजात देज, म्हणजे वधूमूल्य, देण्याची ऐपत नसलेला तरुण सासऱ्याच्या घरी राहून, शेतावर राबून ते फेडतो. सोयीचा व्यवहार म्हणून हे नाते प्रेमशून्य ठरवणे घाईचे आहे. वारल्यांत कित्येक जोडपी आधी संसार थाटतात आणि पैसा जमल्यावर, कधी मुले झाल्यावर, धवलेरीकडून (ही लग्न लावणारी स्त्री) विधी उरकून घेतात; तोवर त्यांचा संसार कोणी कमअस्सल मानत नाही. विधीआधीच सोबत पारखली जाते. रूढ प्रेमविवाहालाही इतकी लांब परीक्षा क्वचितच द्यावी लागते.

घरजावयाचे राबणे ही बिनपगारी मजुरीच, हा आक्षेप खोटा नाही. पण तो तोलताना लग्नगडी पद्धत आठवावी: लग्नासाठी जमीनदार-सावकाराकडून कर्ज काढणारा वारली बायकोसह त्याचा वेठबिगार होई. किसान सभेच्या शामराव व गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली डहाणू-उंबरगाव भागात १९४५ मध्ये उठाव झाला तो याच गुलामीविरुद्ध. घरजावयाचे कष्ट निदान बायकोच्या माहेरीच राहत, सावकाराच्या खळ्यावर जात नसत. गोदावरीबाईंनी लग्नगड्यांची हकिकत ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात नोंदवली आहे. आता बोईसर-तारापूरच्या कारखान्यांतील रोख मजुरी हाही लग्नखर्च उभा करण्याचा एक मार्ग आहे.