हुंडीची भाषा आणि मोबाइलवरील पैसा : पनवेलच्या निमित्ताने

बोरघाटाचा गाडीरस्ता १८३० मध्ये खुला झाला. तेव्हापासून १८६३ मध्ये लोहमार्ग घाट चढून जाईपर्यंत मुंबई-पुणे वाहतुकीचा मोठा भाग पनवेलच्या बंदरावरून होत असे. मुंबईहून होडीने खाडीत यावे, पनवेलीस उतरावे आणि तेथून घाटाची वाट धरावी, असा तो क्रम होता. अशा वाटेवर रोकड बाळगणे धोक्याचे. म्हणून देशी व्यापारात पैसा एका पेठेतून दुसऱ्या पेठेत पोचविण्याचे साधन होते ते हुंडी. आज त्याच पनवेलीत भाजीवालीच्या टोपलीपाशी चौकटीचे चित्र लटकते आणि मोबाइलवरून पैसा क्षणात पोचतो. या दोन व्यवहारांची तुलना अर्थशास्त्रज्ञ करतीलच. प्रस्तुत लेखकाचा प्रश्न भाषेचा आहे : पैसा चुकीच्या हाती पडला, तर तोटा कोणाचा, हे कोणता शब्द ठरवितो?

हुंडीच्या बाबतीत ते तिच्या नावातच सांगितलेले असे. 'शाहजोग' हुंडीतील 'शाह' म्हणजे पेठेतील पतदार सावकार, आणि 'जोग' हे 'योग्य' याचेच रूप. रक्कम अशा ओळखीच्या, पतवान माणसासच द्यावयाची. तो तसा आहे याची खात्री करून घेणे हे देणाऱ्याचे काम. पुढे हुंडी चोरीची वा बनावट निघाली, तर पैसे घेणाऱ्या शाहाने ते परत केले पाहिजेत, असा रिवाज होता. मूळ कागद गहाळ झाल्यास 'पेठ' आणि तीही हरवल्यास 'परपेठ' लिहून देत. मालाशी व त्याच्या प्रवासाशी बांधलेली हुंडी ती 'जोखमी'. जोखीम कोणाच्या माथी, हे समजण्यासाठी व्यापाऱ्याला निराळा कायदा वाचावा लागत नसे.

१८८१ चा परक्राम्य संलेख अधिनियम झाला तेव्हा ही गोष्ट विधिकर्त्यांना मान्य करावी लागली. प्राच्य भाषेत लिहिलेल्या संलेखांविषयीच्या स्थानिक रूढीला या कायद्याने बाध येणार नाही, असे त्याच्या पहिल्याच कलमात म्हटले आहे; मात्र पक्षकारांनी कायदाच लागू राहील असे संलेखात लिहिले असल्यास रूढी बाजूस पडते. कागद कोणत्या भाषेत आहे यावरून त्याचा कायदा ठरावा, ही तरतूद भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी अवश्य पाहावी अशी आहे. आमच्याकडे ती फारशी कोणी पाहत नाही.

पुढील काळात संरक्षण 'ठेव' या शब्दाभोवती उभे राहिले. १९६० मध्ये केरळातील पलाई सेंट्रल बँक आणि आपल्या अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली. त्या धक्क्यातून १ जानेवारी १९६२ पासून ठेवविमा सुरू झाला. प्रारंभी मर्यादा अवघी १,५०० रुपये होती. १९६८ च्या दुरुस्तीने सहकारी बँकांनाही वाट मोकळी झाली आणि २०२० मध्ये मर्यादा ५ लाखांवर गेली. पनवेलच्या कर्नाळा नागरी सहकारी बँकेचा परवाना ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने रद्द केला. त्या वेळी सुमारे ९५ टक्के ठेवीदारांना विम्यातून पूर्ण रक्कम मिळेल असे तिने सांगितले होते. उरलेल्यांचे दुःख या टक्केवारीने हलके होत नाही. तथापि बँकेतर कंपनीच्या मोबाइल-पाकिटात भरलेला पैसा हा कायद्याच्या भाषेत 'ठेव'च नव्हे. त्यासाठी कंपनीने ग्राहकांची रक्कम बँकेत वेगळ्या खात्यात राखावी, असा निराळा बंदोबस्त आहे. पाकीटधारकाला ठेवीदाराचा विमा नाही.

दुसरा निर्णायक शब्द 'अनधिकृत'. रिझर्व्ह बँकेचे ६ जुलै २०१७ चे परिपत्रक या शब्दावर उभे आहे. बँकेची वा ग्राहकाची चूक नसता त्रयस्थाने पैसे काढले आणि ग्राहकाने तीन कामकाजी दिवसांत कळविले, तर त्याचे दायित्व शून्य; चार ते सात दिवसांत कळविल्यास मर्यादित. ग्राहक जबाबदार आहे हे सिद्ध करण्याचा भारही बँकेवरच. बँकेतर पाकिटांसाठी असेच नियम ४ जानेवारी २०१९ रोजी आले. येथवर शाहजोगाची छाया दिसते. परंतु ग्राहकाने गुप्त अंक दुसऱ्यास सांगितला असेल, तर कळवीपर्यंतचा सर्व तोटा त्याचाच. आणि थापेला भुलून त्याने तो अंक स्वतःच दाबला असेल, तर व्यवहार 'अधिकृत' म्हणूनच गणला जाण्याचा धोका असतो. घेणारा कोण, त्याची पत काय, हे पाहण्याचे शाहजोगातील काम येथे देणाऱ्या सामान्य माणसाच्या अंगठ्यावर आले आहे.

२०२१ च्या एकात्मिक लोकपाल योजनेत चंदीगडच्या केंद्राकडे कोणत्याही भाषेत तक्रार धाडण्याची सोय करण्यात आली, ही चांगली गोष्ट झाली. मराठी तक्रारदार मात्र बहुधा 'मी पैसे पाठविले' असे म्हणत नाही. तो म्हणतो, 'माझे पैसे गेले.' पहिल्या वाक्यात कर्ता तो स्वतः आहे, दुसऱ्यात पैसेच कर्ता. तक्रार इंग्रजी नमुन्यात उतरविणारा कारकून या 'गेले'चे भाषांतर कोणत्या क्रियापदाने करतो, यावर पुष्कळदा ती रक्कम अधिकृत की अनधिकृत हे ठरण्याची शक्यता आहे.