अक्षरं तीच, उत्तरं दोन: कोर्टात गेलेल्या शब्दकोड्याची गोष्ट

आजच्या भागाची सुरुवात शाळेतल्या एका प्रश्नाने करू. ए, ई, आय, ओ, यू हे पाचही स्वर ज्यात आहेत असा इंग्रजी शब्द सांगा. आमच्या नगरच्या शाळेत सरांनी हे विचारलं की मागच्या बाकावरूनसुद्धा उत्तर यायचं: एज्युकेशन! नऊ अक्षरं, त्यात पाचही स्वर.

आता थोडं अवघड. कॉन्व्हर्सेशन, म्हणजे संभाषण. याची बारा इंग्रजी अक्षरं सुटी करा, कॅरमच्या सोंगट्यांसारखी पसरा आणि पुन्हा लावा. दुसरा शब्द तयार होतो: कॉन्झर्व्हेशन, म्हणजे संवर्धन. एक अक्षर जास्त नाही, एक कमी नाही.

म्हणजे अक्षरं तीच, उत्तरं दोन. मग बरोबर कुठलं, आणि ते ठरवणार कोण? वर्गात यावर हसून सोडून देता येतं. पण त्यावर पैसे लागले की काय होतं, ही आजची गोष्ट आहे.

शब्दकोडं तसं फार जुनं नाही. 21 डिसेंबर 1913 ला आर्थर विन नावाच्या पत्रकाराने न्यूयॉर्क वर्ल्ड या वर्तमानपत्रात आजच्यासारखं पहिलं कोडं छापलं. हे वेड भारतातही आलं, आणि इथे त्याला एक शेपूट चिकटलं: बक्षिसाचं. कूपन भरा, प्रवेश फी लावा, पोस्टाने पाठवा आणि निकालाची वाट बघा.

आता या कोड्यातली मेख बघा. मी स्वतःच एक सूचना बनवतो: ‘भर दुपारी शेतकऱ्याला दिलासा देते.’ तीन अक्षरी इंग्रजी शब्द. पहिलं अक्षर एच, शेवटचं टी, मधला चौकोन रिकामा. तुम्ही म्हणाल, हॅट. शेजारचा म्हणेल, हट, म्हणजे झोपडी. दोघंही बरोबर! पण बक्षीस मिळणार ते आयोजकाने आधीच ठरवून ठेवलेल्या शब्दाला. डिक्शनरी तोंडपाठ असली तरी त्याच्या मनातला शब्द कसा ओळखणार?

समजा अशा दहा सूचना आहेत आणि प्रत्येकीला दोन-दोन उत्तरं बसतात. सगळ्या शक्यता भरायच्या तर 1024 कूपनं लागतील. एका कूपनाला चार आणे धरले, तर 256 रुपये. त्या काळातले, बरं का!

सरकारचं लक्ष या पैशाकडे गेलं. तेव्हा आपला नगर जिल्हा मुंबई राज्यात होता. लॉटरी आणि बक्षीस स्पर्धांवर नियंत्रण आणि कर लावणारा कायदा या राज्याने 1948 मध्ये केला. पण बंगळुरूहून निघणारं स्पोर्टिंग स्टार हे साप्ताहिक मुंबई राज्यातही खपायचं. त्यात आर.एम.डी.सी. क्रॉसवर्ड्स नावाची स्पर्धा असायची. आयोजक होते आर. एम. डी. चमारबागवाला. बाहेर छापलेल्या अशा स्पर्धाही करात याव्यात म्हणून 1952 मध्ये कायदा बदलला. चमारबागवाला मुंबई हायकोर्टात गेले. हा आमचा व्यापार आहे आणि व्यापाराचं स्वातंत्र्य राज्यघटनेने दिलंय, असं त्यांचं म्हणणं. हायकोर्टात निकाल त्यांच्या बाजूने लागला. मग राज्य सरकार सुप्रीम कोर्टात गेलं.

मधल्या काळात, 1955 मध्ये, केंद्रानेही कायदा केला. त्यातली व्याख्या बघा: अक्षरं, शब्द किंवा आकडे जुळवून, त्यांची मांडणी किंवा अदलाबदल करून सोडवायच्या कोड्यांना बक्षीस लावलं, की ती बक्षीस स्पर्धा. आपला शाळेतला खेळच जणू कायद्याच्या पुस्तकात जाऊन बसला! महिन्याची एकूण बक्षिसं 1000 रुपयांच्या आत आणि एका स्पर्धेच्या प्रवेशिका 2000 च्या आत, अशी मर्यादा आली.

9 एप्रिल 1957. देशात नवे पैसे सुरू होऊन जेमतेम आठ दिवस झाले होते. सरन्यायाधीश एस. आर. दास यांनी निकाल दिला: ही स्पर्धा म्हणजे जुगार, आणि जुगाराला व्यापाराचं संरक्षण नाही. त्यासाठी त्यांनी ऋग्वेदातल्या जुगाराच्या सूक्तापासून महाभारतापर्यंत दाखले दिले.

पण त्याच दिवशी 1955 च्या कायद्याबद्दलही निकाल आला, आणि खरी गंमत त्यात आहे. कोर्ट म्हणालं, हा कायदा फक्त जुगारी स्पर्धांना लागू. जिथे जिंकणं मोठ्या प्रमाणात कौशल्यावर अवलंबून आहे, ती स्पर्धा जुगार नाही.

कौशल्य की नशीब? एका शब्दकोड्यावरून आखलेली ही रेघ पुढे कितीतरी वर्षं चालली. रमी असो, घोड्यांची रेस असो की मोबाइलवरची क्रिकेट टीम, प्रत्येक जण कोर्टात हाच निकाल घेऊन उभा राहायचा. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली आणि त्या कायद्यापुरती ही रेघ पुसली. कौशल्याचा असो वा नशिबाचा, पैसे लावलेत तर बंदी.

आज मोबाइलमध्ये चार अक्षरं टाकली की ती असलेले लांबलचक इंग्रजी शब्द क्षणात समोर येतात. जरूर शोधा, मजा येते, शब्दही वाढतात. पण उद्या कुणी म्हणालं, ‘डोकं लावा आणि पैसे जिंका,’ तर आधी एकच प्रश्न विचारा: यातलं उत्तर विचार करून सापडतं, की कुणाच्या तरी मनात आधीच ठरलेलं असतं?

जाता जाता, लिसन या शब्दाची सहा इंग्रजी अक्षरं उलटसुलट करून बघा. सायलेंट मिळतं. आता मीही गप्प बसतो. भेटू पुढच्या भागात!