पानाचा भाव

परवा पुण्यात भाचीने कॉफी पाजली. बिल पाहून मी गप्पच झालो. ती म्हणाली, "मामा, यातले कॉफी पिकवणाऱ्याला किती मिळत असतील हो?" मला उत्तर देता आलं नाही. आठवलं ते आमचं चंद्रपूर आणि मे महिना.

घरच्यांना आठवत असेल. मे लागला की धुणंभांडी करणाऱ्या मावशी पंधरा दिवस गायब. गावी तेंदूची पानं तोडायला जायच्या. पहाटे जंगल, घरी येऊन सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधायचे, मग फळीवर मोजणी. आम्हाला मात्र कळायची ती फक्त आईची चिडचिड.

तेंदू म्हणजे टेंभुर्णी. तिच्या पानात तंबाखू वळली की झाली विडी. हे झाड कुणी लावत नाही, म्हणून पान फुकटचं आणि द्यायची ती फक्त तोडायची मजुरी, असा सगळा हिशेब. १९६९ च्या कायद्यानंतर महाराष्ट्र सरकारने हा व्यापार आपल्या हाती घेतला, तरी तोडणाऱ्याच्या वाट्याला मजुरीच राहिली. १९८० च्या सुमारास नक्षलवादी या भागात आले (गडचिरोली जिल्हा वेगळा झाला १९८२ साली), तेव्हा त्यांनी सुरुवातीलाच हात घातला तो याच मजुरीला. दर वाढले, ठेकेदारांकडून खंडणीही सुरू झाली. पण पान कुणाचं, हा प्रश्न तसाच!

त्याचं उत्तर मिळालं १९९६ च्या पेसा कायद्यात आणि २००६ च्या वनहक्क कायद्यात. बांबू, तेंदू यांवर हक्क गावाचा. २००९ साली मेंढा (लेखा) गावाला सामूहिक वनहक्क मिळाला आणि एप्रिल २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या हाती आले. पुढे गडचिरोलीतल्या अनेक ग्रामसभा तेंदूचा लिलावही स्वतःच करू लागल्या. मजूर होता तो विकणारा झाला.

मग सुटला का प्रश्न? २०१७ साली भाव चढले, २०१८ साली कोसळले. मधल्या काळात पानांवर १८ टक्के जीएसटी लागला होता. शिवाय हंगाम जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा, घेणारे मोजके. ते लिलावाला फिरकलेच नाहीत, तर झाडावरचं पान काही थांबत नाही.

कॉफीचंही तेच झालं. १९६२ च्या आंतरराष्ट्रीय करारानंतर प्रत्येक देशाने किती कॉफी विकायची ते ठरत असे, त्यामुळे भाव बराचसा सावरलेला असे. १९८९ साली ही कोटापद्धत मोडली आणि काही महिन्यांतच भाव जवळजवळ निम्म्यावर आला. झाडं शेतकऱ्यांचीच होती, तरीही!

थोडक्यात, माल आपला असणं ही पहिली पायरी. विकायला थोडं थांबता येणं आणि विकणाऱ्यांनी एकत्र राहणं, ही दुसरी. कायद्याने पहिली मिळाली. दुसरी ग्रामसभांना आपापसातच बांधावी लागणार.

असो. मावशींना शेकडा पुड्यांना किती मिळायचे, हे आमच्या घरात कुणी कधी विचारलं नाही. भाचीने निदान कॉफीवाल्याचं तरी विचारलं.