सांवेरचा मारुती आणि उतरलेला चोला

इंदूरहून उज्जैनला जाताना साधारण निम्मी वाट सरली म्हणजे सांवेर हे तहसिलीचे गाव लागते. 1948 साली होळकर संस्थान मध्यभारतात विलीन होईपर्यंत होळकरांच्या अमलाखाली राहिलेल्या या गावाची आजची ख्याती कोणा सरदारामुळे किंवा लढाईमुळे नाही; ती तेथील उलट्या मारुतीमुळे आहे. शेंदराने माखलेले मुखमंडल, तेही मस्तक खाली आणि हनुवटी वर अशा स्थितीत, हीच येथील मूर्ती. अहिरावणाने पळवून नेलेल्या रामलक्ष्मणांच्या सुटकेसाठी हनुमंताने पाताळात उडी घेतली ती याच जागेवरून, आणि उडी घेणाऱ्याचे मस्तक आधी खाली जावयाचे म्हणून मूर्तीही तशीच, असे तेथील भाविक मोठ्या श्रद्धेने सांगतात.

एका शनिवारी मी तेथे गेलो त्या वेळी माझ्या देहाचे अडतीस किलो वजन सव्वा वर्षात उतरले होते. पथ्य, चालणे आणि व्यायाम यांच्या योगाने साधलेल्या या गोष्टीचा मला अभिमान होता. परंतु स्नानाच्या वेळी ओटीपोटावर लोंबणारी कातडीची घडी एका हाताने उचलून, तिच्याखालची ओली, चुरचुरणारी जागा दुसऱ्या हातातील पंच्याने टिपून घेताना त्या अभिमानाची जागा शरम घेत असे. परिचित भेटला की पहिला प्रश्न ठरलेला : "किती वाळलास! आजारी होतास काय?" दंडावरची सैल त्वचा झाकण्यासाठी भर वैशाखात पूर्ण बाह्यांचा सदरा घालणाऱ्या माणसाच्या मनाची स्थिती तसाच माणूस जाणेल.

गाभाऱ्यापुढे रांगेत उभा असताना पुढच्या गृहस्थाने पुजाऱ्याला चोला चढविण्याविषयी विचारले, आणि तो शब्द माझ्या मनात रुतून बसला. मारुतीला तेल आणि शेंदूर यांचा लेप देणे यास माळव्यात चोला चढविणे म्हणतात. चोला म्हणजे अंगरखा, आणि संतांच्या बोलीत चोला म्हणजे हा देहही. वर्षानुवर्षे थरावर थर बसत जाऊन मारुतीची मूळ रेखा बुजून जाते आणि एखाद्या दिवशी तो सगळा भार आपल्याच वजनाने सुटून खाली येतो. त्या वेळी मूर्ती विद्रूप झाली असे कोणी म्हणत नाही. "हनुमानजींनी चोला सोडला" असे म्हणतात, आणि उतरलेले ते कवच वाजतगाजत नेऊन नदीत विसर्जित करतात. आपल्या महाराष्ट्रातही 2022 साली वणीच्या सप्तशृंगीच्या मूर्तीवरील शेंदराचा पुरातन लेप काढण्यात आला, आणि ज्या रूपाला पिढ्यान्‌पिढ्या हात जोडले त्याहून निराळे, रेखीव असे मूळ रूप भक्तांपुढे आले. त्या नव्या दर्शनालाही लोकांनी तितक्याच भक्तिभावाने माथा टेकला. देवाच्या बाबतीत ज्यांना हे साधते त्यांनाच शेजाऱ्याच्या उतरलेल्या देहाकडे पाहताना ते का साधू नये, हा प्रश्न मला त्या दिवसापासून सोडीत नाही.

याचे थोडे उत्तर भाषेत सापडते. मराठीत देहाची स्तुती बांधण्याच्या क्रियेवरून होते आणि निंदा सुटण्याच्या क्रियेवरून. देहाला आपण बांधा म्हणतो, चांगल्या देहाला बांधेसूद म्हणतो; आणि पोट सुटते, अंग सुटते, ते लठ्ठपणाने. तेव्हा मेद उतरल्यावर देह पुन्हा बांधला जावा अशी अपेक्षा भाषेनेच आमच्या मनात पेरलेली असते. प्रत्यक्षात मेद जातो आणि कातडी सुटलेलीच राहते. दुसरा शब्द 'कमावणे'. तालमीत घाम गाळून घडविलेल्या शरीराला कमावलेले शरीर म्हणावयाचे, आणि जनावराचे कातडे पक्के करण्याच्या उद्योगालाही कातडे कमावणे म्हणावयाचे. हा दुसरा उद्योग करणाऱ्या समाजाला गावाने वेशीबाहेर ठेवले आणि पहिल्या उद्योगाला मारुतीच्या देवळाशेजारी आखाडा बांधून दिला, हा अन्याय आपल्या इतिहासात नमूद आहे. परंतु कातड्याचा स्वभाव खरा कोणी ओळखला असेल तर तो त्या कारागिरानेच. फौजेबरोबर बैलाच्या पाठीवरून चालणारी पखाल आणि माळव्याच्या विहिरींवर बैलांकडून ओढली जाणारी चडस, म्हणजे आपली मोट, ही दोन्ही त्याच्याच हातची. पाण्याने भरलेली पखाल तट्ट फुगते आणि रिकामी झाली की घड्या घालीत खाली बसते. तिच्या त्या घड्यांना कोणी दोष म्हणत नसे.

जुन्या वैद्यांनाही हे चामड्याचे पात्र परिचयाचे होते. जलोदराने फुगलेल्या पोटाला त्यांनी पाण्याने भरलेल्या दृतीची, म्हणजे पखालीचीच, उपमा दिली आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील एकविसाव्या अध्यायात आठ निंदित पुरुषांची गणना आहे : अतिदीर्घ, अतिऱ्हस्व, अतिलोमश, अलोमश, अतिकृष्ण, अतिगौर, अतिस्थूल आणि अतिकृश. एवढ्या मोठ्या ग्रंथकाराने रंग आणि उंची यांनाही निंदेच्या यादीत बसवावे हे मला आजही खटकते. मात्र पुढचे विवेचन तो शेवटच्या दोघांचेच करतो, आणि स्थूलाचे हलणारे उदर व कृशाची अस्थिचर्ममात्र उरलेली काया यांचे वर्णन इतके बारकाईने करतो की निरीक्षणाची तारीफ केल्यावाचून राहवत नाही. तरी त्या आठांत माझा वर्ग नाही. जो स्थूल होता आणि प्रयत्नाने कृश झाला, ज्याचा मेद गेला परंतु मेदाचे माप घेऊन वाढलेली त्वचा मागे राहिली, असा नववा पुरुष त्या यादीत नाही. असा माणूस वैद्याकडे फार क्वचित येत असावा. ज्या देशात दुष्काळ दर पिढीला येई तेथे कष्टाने वजन उतरविण्याचा प्रसंग कितीजणांवर येणार?

या नवव्याच्या सर्वांत जवळ आलेला ग्रंथकार सुमारे सातव्या शतकातील वाग्भट. कोरड्या चूर्णाने अंग रगडण्याच्या उद्वर्तनाचे गुण सांगताना कफ हरणे व मेद विरघळविणे यांच्या जोडीला अंगांना स्थिर करणे आणि त्वचा प्रसन्न करणे हे दोन गुण त्याने नोंदविले आहेत. हे उद्वर्तन म्हणजेच आपले उटणे. आखाड्यातील मातीचे मर्दन आणि बाळंतिणीच्या खोलीतील तेलहळदीचा हात ही त्याचीच भावंडे. गर्भारपणात पोटावर उठणाऱ्या रेषांना चरकाने 'किक्किस' असे नावही दिले आहे. आणि बाळंतपणानंतर सैल पडलेले ओटीपोट सुईण रोज चोळी, शेकशेगडी देई आणि जुन्या लुगड्याच्या पट्टीने घट्ट बांधी. मराठी कुटुंबे होळकरांच्या मागोमाग माळव्यात येऊन स्थायिक झाली तेव्हा ही सगळी चाल त्यांच्या सामानसुमानाबरोबर इकडे आली.

उटण्याने सुटलेली कातडी आवळली जाते काय? नाही, आणि याबाबत वाचकाची फसवणूक करणे मला योग्य वाटत नाही. त्वचेच्या आतल्या थरात कोलॅजेनचे बळकट आणि इलॅस्टिनचे लवचीक तंतू असतात. वर्षानुवर्षे ताणले गेल्यावर ते तुटतात व विरळ होतात, आणि मग कोणतेही तेल, लेप वा पट्टा त्यांना पूर्ववत करू शकत नाही. वय किती, ताण किती वर्षांचा, वजन किती उतरले, तंबाखूचे व्यसन आहे काय, उन्हात किती राबला, यांवर पुष्कळ अवलंबून असते. व्यायामाने खालचे स्नायू भरतात आणि थोडा आकार येतो, इतकेच.

उरला शस्त्राचा मार्ग, आणि त्याच्या इतिहासात एक पान पुण्याचे आहे. टिपूबरोबरच्या युद्धात इंग्रजी फौजेच्या बैलगाड्या हाकणाऱ्या कावसजीचे नाक कापले गेले. पुढे पुण्यात देशी शस्त्रवैद्याने कपाळाची त्वचा खाली वळवून त्याला नवे नाक दिले. लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'ने 1794 च्या ऑक्टोबरात हा वृत्तांत चित्रासह छापला, आणि तो वाचून जोसेफ कार्प्यू या इंग्रज शल्यविशारदाने 1814 साली तीच कृती केली. पुढे 1899 साली अमेरिकेत बाल्टिमोर येथे हॉवर्ड केली याने एका स्त्रीच्या पोटावरील लोंबती त्वचा व मेद कापून काढला. काढलेल्या भागाचे वजन सात किलोंहून अधिक भरले. आज वजन उतरविण्याच्या शस्त्रक्रिया याच सांवेरातून जाणाऱ्या इंदूर-उज्जैन रस्त्यावरील रुग्णालयातही होतात. परंतु जादा त्वचा काढण्यापूर्वी वजन निदान काही महिने एका ठिकाणी टिकले पाहिजे, आणि नंतर एका कुशीपासून दुसऱ्या कुशीपर्यंत लांब व्रण जन्माचा राहतो. ज्याला घडीखाली वारंवार जखमा होतात त्याने हा मार्ग जरूर धरावा. त्यात चैन नाही आणि शरमही नाही. मी तूर्त तो धरलेला नाही.

माझ्या शरमेचा निकाल लागला तो त्याच वर्षीच्या नरकचतुर्दशीला. आदल्या वर्षी मी न्हाणीघराचे दार आतून लावून एकट्याने अभ्यंगस्नान उरकले होते. या खेपेस ताई माहेरी आली होती. पहाटेच्या काळोखात तिने पाट मांडला, समई सरकवली आणि उटण्याची वाटी हातात घेऊन, "सदरा काढ आणि बैस," एवढेच म्हटले. खांद्यापासून निघालेला तिचा हात पाठीवरून कुशीकडे आला, कुशीवरच्या घडीशी अडला नाही, ती उचलून खालीही फिरला आणि पुढे गेला. "धाकट्याच्या वेळी माझं पोट असंच झालं होतं रे," ती म्हणाली, "आई रोज बांधायची. बसलं थोडं, राहिलं थोडं." मग तिने गरम पाण्याचा तांब्या ओतला.

वाचकहो, येत्या दिवाळीला असा कोणी वजन उतरलेला आप्त तुमच्या घरी आला, तर आजाराची चौकशी करू नका. पाट मांडा, वाटीत उटणे भिजवा आणि त्याच्या पाठीमागे बसा.